शिवोलीचा रेमो

गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही लग्नास गेलो होतो. मिस्सा आटोपून वधूवर मांडवात आले आणि पाने वाढली जाईपर्यंत बँडवाल्यांनी एकामागून एक गाणी वाजविण्यास आरंभ केला. त्यांतील एक गाणे सुरू होताच लहान मुले तर उठून नाचू लागलीच, पण ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार आम्ही नुकतीच ऐकली होती अशा दोन आजीबाईही खुर्चीत बसल्या बसल्या ताल धरू लागल्या. गाणे होते 'बॉम्बे' या चित्रपटातील 'हम्मा हम्मा'. शेजारी बसलेल्या यजमानांच्या थोरल्या मुलाला आम्ही सहज विचारले, हे हिंदीत कोणी म्हटले आहे रे? तो म्हणाला, "रहमानचे आहे ना, अंकल!" चाल रहमान यांची हे खरेच, पण आवाज कोणाचा? ते त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या वडिलांनाही नव्हते, आणि बँडवाल्यांनाही नव्हते. तो आवाज आपल्या गोव्यातील, बारदेश तालुक्यातल्या शिवोली गावच्या रेमो फर्नांडिस यांचा आहे असे आम्ही सांगितले तेव्हा यजमान म्हणाले, "म्हणजे तो गिटारवाला? केस वाढविलेला?"

होय, तोच. आणि त्याच गिटारवाल्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे मनात आले.

वाचकांपैकी काहींना हा विषय कुटुंबाच्या पत्रात कशाला, असे वाटेल. रॉक संगीत म्हटले की आपल्या घरांतून अद्यापि कपाळावर आठी उमटते. मुलाने गिटार मागितली की बाप प्रथम परीक्षेचे गुण विचारतो. आमच्याही मनात पुष्कळ वर्षे तीच आठी होती, हे कबूल केलेले बरे. परंतु गोव्याच्या ख्रिस्ती घरांचे आणि संगीताचे नाते जितके जुने आहे तितकेच गोव्याच्या वादकांचे आणि चित्रपटाचे नातेही जुने आहे, आणि त्या दुसऱ्या नात्यात एक सल आहे. तो सल ठाऊक असल्याशिवाय रेमो यांच्या कामगिरीचे मोल कळावयाचे नाही. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

आमच्या वडिलांचे एक चुलते व्हायोलिन वाजवीत. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांच्या छडीखाली ते पाच रेघांची स्वरलिपी शिकले. अक्षरओळख आणि स्वरओळख बरोबरच, असा त्या शाळांचा शिरस्ता होता. सणाच्या मिस्सेला, संध्याकाळच्या लादिनीला, कोणाच्या दफनाला, वाद्य हाती घेऊन उभे राहावयाचे आणि समोरचा कागद वाचून वाजवावयाचे, ही सवय तेथे अंगी मुरली. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात नोकऱ्या थोड्या. म्हणून शेकडो तरुण मुंबईची वाट धरीत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडात पथारी टाकीत. चुलतआजोबाही तसेच गेले. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलातील वाद्यवृंदात असे त्यांचे आयुष्य गेले. किती चित्रपटांत त्यांचे व्हायोलिन वाजले याची मोजदाद त्यांनाही नव्हती. त्यांचे नाव मात्र एकाही चित्रपटात आले नाही.

ही केवळ त्यांची गोष्ट नव्हे. त्या काळी हिंदी चित्रपटाचे गाणे कसे तयार होत असे ते पाहा. संगीतकार पेटीवर चाल बसवी किंवा गुणगुणून दाखवी. ती चाल कागदावर उतरवून घेणे, तिच्याखाली सुरांची बैठक मांडणे, व्हायोलिनांनी काय वाजवावे, ट्रम्पेट कोठे उठावे, दोन कडव्यांच्या मधली जागा कशाने भरावी हे सर्व लिहून काढणे आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा त्याचा कागद ठेवणे, हे काम 'अरेंजर'चे. त्याला पाश्चात्य स्वरलिपी यावी लागे, आणि ती येत असे मुख्यतः गोव्याच्या ख्रिस्ती वादकांना. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ वर्षानुवर्षे रचला. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना सारे 'चिक चॉकोलेट' म्हणत, ते ट्रम्पेट घेऊन आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या मदतीला उभे राहिले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे गाणे आजही लहान मुले म्हणतात. त्यातील निरर्थक वाटणाऱ्या बोलांत एक कोंकणी शब्दजोडी कोणा गोवेकर सहाय्यकाने घुसडून दिली, असे सांगतात. चित्रपटाच्या आरंभी जी नावे येत त्यांत हे लोक फार तर 'सहाय्यक' म्हणून येत, आणि बहुतेक वेळा येतच नसत.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर आणखी विलक्षण. त्यांचा जन्म १९२७ चा. व्हायोलिन वाजविणारे, वाद्यमेळ रचणारे आणि शिकविणारे म्हणून त्यांचा मुंबईत लौकिक होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य सुरावट यांचा मेळ घालण्याचे त्यांना वेड होते. त्यासाठी त्यांनी १९५८ साली मोठा वाद्यवृंद उभा करून मुंबईच्या सेंट झेव्हियर महाविद्यालयात जलसा केला. पुढे ते अमेरिकेस गेले, परत आले आणि आपल्या गावी स्वस्थ राहिले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात एका गाण्यात त्यांचे संपूर्ण नाव आले. प्यारेलाल यांनी दिलेली ती गुरुदक्षिणाच होती. देशभर लोक ते नाव गात सुटले. पण अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभ बच्चनच्या त्या विनोदी गाण्यातील नाव एका खऱ्याखुऱ्या, त्या वेळी हयात असलेल्या संगीतज्ञाचे आहे, हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? १२ सालच्या जानेवारीत, म्हणजे २०१२ मध्ये, ते वारले तेव्हाच अनेकांना ते कळले.

अशा परंपरेत आठ मे १९५३ या दिवशी पणजीत एका मुलाचा जन्म झाला. लुईस रेमो द मारिया बेर्नार्दो फर्नांडिस असे त्याचे नाव. घरचे मूळ गाव शिवोली. शापोरा नदीच्या काठचे, सेंट अँथनीच्या मोठ्या चर्चचे हे गाव. येथे चोवीस जूनला सांजावच्या दिवशी तरुण होड्या सजवून गात-वाजवीत नदीतून येतात, आणि नाताळानंतर जागराला हिंदू व ख्रिस्ती एकाच मांडवात जमतात. गोवा स्वतंत्र झाला तेव्हा, १९ डिसेंबर १९६१ रोजी, रेमो आठ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या कानांवर घरात कोंकणी, शाळेत आणि पाहुण्यांत पोर्तुगीज, रस्त्यावर आणि सिनेमात हिंदी, आणि नंतर इंग्रजी अशा चार भाषा पडत वाढल्या. पुढे त्यांत फ्रेंचची भर पडली. पाच भाषांत गाणारा मनुष्य काही हट्टाने तसा झालेला नसतो. ज्या गावात तो वाढला तेथेच ते असते.

सात-आठ वर्षांचे असता लंडनहून आलेल्या एका नातलगाने बिल हेली या अमेरिकन गायकाची 'रॉक अराउंड द क्लॉक' ही तबकडी घरी आणली, आणि ती ऐकून आपले आयुष्य पालटले असे रेमो सांगत आले आहेत. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ही तबकडी १९५४ साली निघाली तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. १९५५ साली शाळकरी गुंड मुलांवरील एका अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी ती वाजविली गेली, आणि मग ती जगभर झाली. म्हणजे रॉक संगीत जगात पसरले तेच मुळी चित्रपटाच्या खांद्यावर बसून! चार मात्रांच्या तालात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ढोलाचा जोरकस ठोका, विजेवर चालणारी गिटार, आणि गायकाने सभ्य स्वरात न गाता मनातले ओरडून सांगणे, एवढेच त्याचे भांडवल. मांडो आणि मोटेट ऐकत वाढलेल्या मुलाला ते एवढे का भावले असेल हे सांगणे कठीण; पण मांडो संपून दुलपद सुरू होते तेव्हा आपलेही पाय थांबत नाहीत, हे वाचकांनी आठवावे.

शाळेत असतानाच त्यांनी मित्रांचा वाद्यवृंद उभा केला. पुढे शिक्षणासाठी मुंबईस आले आणि सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयातून वास्तुविशारदाची पदवी घेतली. याच काळात ते 'सॅव्हेजेस' या मुंबईच्या नामांकित रॉक मंडळीत सामील झाले. १९७५ साली त्या मंडळींबरोबरची 'ओड टु द मसाया' ही तबकडी निघाली.

पदवी हाती आली. आता कोणताही बाप म्हणेल, झाले ते झाले, गाणेबजावणे सुट्टीच्या दिवशी. कचेरी उघड, घरे बांध. आमच्या ओळखीतील एका घरात अगदी याच शब्दांत हे बोलणे झालेले आम्ही ऐकले आहे, आणि त्या वेळी आम्ही बापाच्या बाजूने मान डोलाविली होती. तो मुलगा आज एका बँकेत आहे, सुखात आहे. गिटार माळ्यावर आहे. रेमो यांनी मात्र १९७७ च्या सुमारास पाठीवर पिशवी टाकली आणि युरोप गाठले. वाटेत भेटेल त्या गाडीला हात दाखवून प्रवास करावयाचा, मिळेल त्यांच्याबरोबर वाजवावयाचे, असे करीत ते युरोप आणि उत्तर आफ्रिका हिंडले. १९७९ मध्ये पॅरिसला त्यांची एक तबकडीही निघाली. नाव होते 'रॉक सिनर्जी'.

पॅरिसला तबकडी निघालेला तरुण तेथेच राहिला असता तर कोणाला नवल वाटले नसते. ते शिवोलीला परत आले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील खरी धाडसाची गोष्ट पॅरिसला जाणे ही नव्हे, तर ही आहे. कारण त्या काळी हिंदुस्थानात इंग्रजी रॉक गाणे म्हणजे परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल, असा समज होता. लोक हॉटेलात येत ते रेडिओवर ऐकलेलीच गाणी ऐकावयास. स्वतः रचलेली गाणी, तीही गोव्याविषयीची, इंग्रजीत आणि कोंकणी वळणाने म्हणणाऱ्याला विचारतो कोण? कंपन्यांचा पैसा चित्रपटगीतांत आणि गझलांत गुंतलेला.

तेव्हा त्यांनी घरातच दुकान मांडले. शिवोलीच्या वडिलोपार्जित घरात त्यांनी चार ट्रॅकचे एक लहान ध्वनिमुद्रण यंत्र बसविले, साध्या कॅसेटवर चालणारे. अशा यंत्राची रीत शेतकऱ्याला चटकन समजेल, कारण तिच्यात थोडक्या जमिनीतून जास्त पीक काढावयाचे असते. कॅसेटच्या चिंचोळ्या फितीवर चार समांतर पट्ट्या. पहिल्या पट्टीवर ताल वाजवून घ्यावयाचा. तो कानांना लावून ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार. तिसरीवर मंद्र सुरांची गिटार. आता चौथीवर गाणे म्हटले की जागा संपली. मग बासरी कोठे, दुसरा आवाज कोठे? त्यासाठी पहिल्या तीन पट्ट्या एकत्र करून चौथीवर उतरवावयाच्या, आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर नवी पेरणी करावयाची. पण एकदा असे एकत्र केले की त्यातील चूक निस्तरता येत नाही. शिवाय प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढत जाते. म्हणून पहिला ठोका देण्यापूर्वीच संपूर्ण गाणे डोक्यात तयार असावे लागते. वास्तुशास्त्राचे शिक्षण वाया गेले असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की पाया घालताना कळस कोठे येणार हे ठाऊक असण्याचीच ती विद्या आहे.

अशा रीतीने १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही त्यांची कॅसेट तयार झाली. गाणी त्यांची, चाली त्यांच्या, सर्व वाद्ये त्यांनीच वाजविलेली, सर्व आवाज त्यांचेच, मुद्रण त्यांचे आणि वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. विकणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून विक्रेतेही तेच. आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून ते गोवाभर दुकानोदुकानी हिंडत. पोदेर सायकलवर पाव घेऊन वाड्यावाड्यांतून जातो तसेच हे. ज्या गोवेकर वादकांनी पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या गाण्यात रक्त आटविले आणि ज्यांचे नाव कोठे छापले गेले नाही, त्यांच्याच मुलखातील एका मुलाने ही कॅसेट काढली, आणि तिच्यावर आरंभापासून शेवटपर्यंत एकच नाव होते.

लगेच १९८५ साली 'ओल्ड गोअन गोल्ड' आली. तिच्यात गोव्याची जुनी गाणी नव्या साजात होती. आमच्या घरी ती कॅसेट कोणी मुंबईहून आणली होती. आईला प्रथम तो प्रकार रुचला नाही. आपल्या लग्नातील गाण्याला ढोल कशाला, असे ती म्हणे. पण दुपारी स्वयंपाकघर आवरताना यंत्राची कळ तीच दाबी.

याच सुमारास चित्रपटाने त्यांना बोलाविले. बोलाविणारे होते श्याम बेनेगल. १९८५ चा त्यांचा 'त्रिकाल' हा चित्रपट गोवामुक्तीच्या आदल्या दिवसांतील एका संपन्न ख्रिस्ती कुटुंबाची कथा सांगतो. घरात मृत्यू झाला आहे, पोर्तुगालकडे डोळे लावून बसलेले जुने जग मावळत आहे, आणि नव्या जगात कोणाचे काय होणार हे कोणालाच उमगत नाही. चित्रण झाले लोटलीला, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या वडिलोपार्जित वाड्यात. पार्श्वसंगीत वनराज भाटिया यांचे. त्यात रेमो यांनी अलिशा चिनॉय यांच्यासह गाणे म्हटले, आणि ते पडद्यावरही गाताना दिसतात. ज्या काळाची ती कथा आहे त्या काळात रेमो आठ वर्षांचे होते हे ध्यानात घेतले म्हणजे ते गाणे नुसते भाड्याने आणलेले वाटत नाही. हिंदी चित्रपटात गोव्याचा ख्रिस्ती मनुष्य तोवर बहुधा दारूच्या गुत्त्यात दिसे, मोडकीतोडकी हिंदी बोले आणि तिसऱ्या रिळात मरे. 'त्रिकाल' मध्ये तो आपल्या घरात, आपल्या भाषांत आणि आपल्या गाण्यासह दिसला.

नंतरची गोष्ट मादक द्रव्यांची. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी भटक्यांबरोबर ते विष आले आणि हळूहळू आपल्या वाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचले, हे किनारपट्टीच्या आईबापांना सांगावयास नको. १९८६ साली रेमो यांची 'पॅक दॅट स्मॅक' ही कॅसेट आली. 'स्मॅक' म्हणजे हेरॉइनचे बाजारी नाव. ते आता बांधून टाका, असा नावाचा रोख. धर्मगुरूंनी प्रवचनात सांगितले तर मुले खिडकीबाहेर पाहतात. त्यांच्याच वेषातील, त्यांच्याच केसांच्या माणसाने तेच गिटारवर सांगितले तेव्हा ती ऐकू लागली. १९८७ साली पंकज पराशर यांचा 'जलवा' हा चित्रपट आला. मादक द्रव्यांपायी भाऊ गमावलेला पोलीस अधिकारी गोव्यात येऊन त्या टोळीचा माग काढतो, अशी ती कथा. नसीरुद्दीन शाह नायक. तिचे शीर्षकगीत रेमो यांचे, आणि या एका गाण्याने ते देशभर सर्वांना ठाऊक झाले. त्याच वर्षी 'बॉम्बे सिटी' ही त्यांची कॅसेटही आली. पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी विकण्याची वेळ आता राहिली नव्हती.

प्रसिद्धी आली की माणूस गोड बोलू लागतो. राजकर्त्यांपुढे तर विशेषच. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यास आले असता त्यांच्या सन्मानार्थ एका सरकारी समारंभात रेमो यांना गाण्यास सांगण्यात आले. त्यांनी पंतप्रधानांना उद्देशूनच गाणे रचले आणि त्यात गोव्याची गाऱ्हाणी, भ्रष्टाचार वगैरे सर्व काही मोकळेपणे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रांतून गदारोळ उठला: हा पाहुण्यांचा अपमान झाला, गोव्याची मान खाली गेली! रेमो यांनी काय करावे? त्यांनी ती कात्रणे आणि गाण्याचे शब्द एका पाकिटात घालून थेट पंतप्रधानांना पाठविले. उत्तर आले. आम्हांला ते गाणे आवडले, अशा आशयाचे ते पत्र होते. ज्याला उद्देशून ते गाणे होते त्याला राग आला नव्हता. तो आला होता मधल्या लोकांना. आपल्या ग्रामपंचायतीतही असेच घडते, नव्हे का? पुढे १९९२ साली 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टु रॉक अँड रोल' अशा नावाची कॅसेट त्यांनी काढली, तेव्हाही त्यांची जीभ बोथट झाली नव्हती. १९८६ साली पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवात त्यांनी पारितोषिके मिळविली, त्याचा मात्र आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही.

आता पुन्हा त्या लग्नातील गाण्याकडे येऊ. १९९५ साली मणिरत्नम् यांचा 'बॉम्बे' चित्रपट आला. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींच्या पार्श्वभूमीवर हिंदू तरुण आणि मुसलमान तरुणी यांच्या संसाराची ही कथा. संगीत ए. आर. रहमान यांचे. रहमान स्वतः तरुणपणी मद्रासच्या रॉक वाद्यवृंदांत वाजविलेले, म्हणून त्यांना कोणता आवाज कोठे हवा हे नेमके ठाऊक होते. तमिळ मूळ गाणे त्यांच्या आवाजाने गाजले. हिंदीसाठी त्यांनी रेमो यांना निवडले. त्यानंतर १९९८ साली 'प्यार तो होना ही था' या चित्रपटाचे शीर्षकगीत त्यांनी जसपिंदर नरूला यांच्यासह म्हटले. चाल जतिन-ललित यांची. तेही घरोघर झाले. त्याच वर्षी त्यांचे स्वतःचे 'ओ मेरी मुन्नी' हे हिंदी गाणे आले आणि दूरचित्रवाणीवर अहोरात्र वाजू लागले.

येथे आमचे एक मत आहे. वाचकांना पटेल न पटेल. रेमो यांची चित्रपटगीते लोकप्रिय आहेत, पण त्यांच्या कामाचा तो लहान भाग आहे, आणि सर्वांत चांगला भाग नव्हे. चित्रपटात गाणारा आवाज उसना असतो. चाल दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे, ओठ हलविणारा नट चौथा. त्यात गैर काही नाही. चांगली चाकरी ती चांगलीच. पण शिवोलीच्या खोलीत चार पट्ट्यांवर एकट्याने उभे केलेले 'गोअन क्रेझी' आणि मुंबईच्या वातानुकूलित दालनात अर्ध्या दिवसात म्हटलेले गीत यांत जे अंतर आहे, ते परसातल्या केळीत आणि बाजारातल्या केळीत असते तेच. चित्रपटासाठी स्वतः चाल बांधताना किंवा शीर्षकगीताला आपला बाज देताना ते आपले राहतात. नुसता आवाज देताना तितके राहत नाहीत. त्यांनी मुंबईत कायमचे बिऱ्हाड केले असते तर कदाचित दहापट गाणी झाली असती. ते शिवोलीत राहिले, बोलावणे आले की गेले, गाणे झाले की परत आले. चुलतआजोबांना असे करता आले नसते. त्यांच्या वेळी मुंबई सोडली की पोट सुटत असे. फितीच्या त्या लहानशा यंत्राने हा फरक पडला, आणि ते यंत्र घरी आणण्याच्या धैर्यानेही.

२००७ साली भारत सरकारने रेमो यांना 'पद्मश्री' दिली. २०२१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या अनेक गोवेकरांप्रमाणे, त्यांनीही पोर्तुगालचे नागरिकत्व स्वीकारले आणि आपला मुक्काम तिकडे हलविला. गोव्यात यावर उलटसुलट बोलले गेले. गोव्याचे प्रश्न पंतप्रधानांच्या तोंडावर गाणारा माणूसच गोवा सोडून गेला, याचे अनेकांना वाईट वाटले, आम्हांलाही वाटले. पण ज्यांची अर्धी भावंडे लिस्बनला, लंडनला आणि आखातात आहेत, त्या आपण कोणत्या तोंडाने बोलावे? आपल्यापैकी कितीतरी घरांत नाताळच्या जेवणाला एक खुर्ची रिकामी असतेच.

त्या लग्नाहून निघताना यजमानांचा तो मुलगा आम्हांला बसथांब्यापर्यंत पोहोचवावयास आला. तो बेळगावला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाटेत त्याने हळूच सांगितले की आपण काही गाणी रचली आहेत, मोबाइलवरच मुद्रित केली आहेत, कोंकणीत दोन आणि मराठीत एक. बाबांना ठाऊक नाही. आम्ही ती ऐकली. पहिली दोन साधारण होती. तिसरी, आजीच्या घरातील उखळाविषयीची, चांगली होती. आम्ही ती दोनदा लावावयास सांगितली. बस आली तेव्हा आम्ही त्याला एवढेच विचारले, की गाण्याखाली नाव कोणाचे घातले आहेस? तो म्हणाला, "नाव अजून घातलेच नाही, अंकल." घाल, असे सांगून आम्ही बसमध्ये चढलो.